मास्तरचा पगार आणि आपला हिशेब
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



कापसाच्या भावासाठी जमलो आणि भाषण मात्र मास्तरच्या पगारावर, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या काही बैठकांत आम्ही एक गोष्ट पाहतो आहोत. भावाची चर्चा रंगात आली की कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "आपलं मरण अन् मास्तरची चैन. अकराला जातो, पाचला येतो, निम्मं वर्ष सुट्टी, अन् महिन्याला लाखाची थप्पी." टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की हिशेब थांबतो. आज तो हिशेब आपण पुरा करू.

शहरातला माणूस आपल्याबद्दल काय बोलतो ते आधी आठवा. तो पेपरात वाचतो, कापूस आठ हजार रुपये क्विंटल. लगेच म्हणतो, शेतकरी गब्बर झाला, वर इन्कमटॅक्सही नाही. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा खर्च तो धरत नाही. बोंडअळीने किती खाल्ले हे विचारत नाही. या आंधळ्या हिशेबाविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आलो. आणि मास्तरच्या बाबतीत आपण स्वतः काय करतो? सगळ्यात मोठा पगार पाहतो आणि तो सगळ्यांच्या नावावर मांडतो!

मोठा पगार खोटा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कायम शिक्षकाला चांगला पगार आहे आणि तो महिन्याच्या महिन्याला येतो. कोरडवाहूवाल्याच्या नशिबी ती खात्री नाही. शाळेला दांडी मारणारेही काही आहेत. हे झाकायचे आम्हाला काही कारण नाही. पण सगळे मास्तर एका मापाचे नाहीत.

२००० साली सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे पगार नाही, ठरीव मानधन. प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिन्याला ६,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. आता आपल्या मापाने मोजा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत होती क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे सोळा हजारांत दोन क्विंटल कापूसही बसत नाही. हे कोणाला? जो डी.एड. झाला, परीक्षा पास झाला आणि भरतीची वाट पाहत वर्षे मोजत बसला, त्याला.

पेन्शनचेही तसेच. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन सरकारने बंद केली. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता.

याहून खाली एक थर आहे, त्याला गावात सगळे ओळखतात पण कोणी बोलत नाही. विनाअनुदानित शाळेचा मास्तर. 'कायम विनाअनुदानित' म्हणजे अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या. २००९ साली त्यातला 'कायम' शब्द निघाला. २०१६ पासून पात्र ठरलेल्यांना २० टक्के अनुदान सुरू झाले, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. मधली वर्षे या पोरांनी कशावर काढली? बापाच्या ज्वारीवर. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, ज्यांनी संस्थेला देण्यासाठी एक-दोन एकर विकले, पोरगा मास्तर झाला म्हणून पेढे वाटले, आणि मग सुट्टीच्या दिवशी तोच मास्तर दुसऱ्याच्या वावरात रोजाने गेला. तो मास्तर परका नाही. आपलेच पोर आहे ते.

आता कामाचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा तयारी धरून ४५ तासांचा आहे. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरे बिनशिक्षणाचे काम द्यायचे नाही असे लिहिले आहे. प्रत्यक्षात खिचडीच्या तांदळाची नोंद तोच ठेवतो, ऑनलाईन माहिती तोच भरतो, मतदार यादी घेऊन दारोदार तोच फिरतो. मतदार यादीचे काम सुट्टीच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. म्हणजे त्याच्या ज्या सुट्टीचा आपल्याला राग, ती अशी जाते. आणि साठ पोरांपर्यंतच्या शाळेला शिक्षक दोन, वर्ग चार-पाच. एक मास्तर एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतो. त्यातला एक यादी घेऊन बाहेर गेला की उरलेल्याने पोरांना शिकवायचे की फक्त राखायचे? नुकसान कोणाचे? ज्यांची पोरे तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात त्यांचे नाही. तुमचे-आमचे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर जातो, ही त्यांची तक्रार होती. पण मास्तरचा पगार कापा असे ते म्हणाले नाहीत. प्राथमिक शिक्षकाला महिना निदान १२ रुपये द्या, आणि शेतकरी जातींतून शिक्षक तयार करा, असे त्यांनी सांगितले. कुणब्याच्या बाजूचा एवढा मोठा माणूस मास्तरला कुणब्याचा वैरी समजत नव्हता. मग आपणच का समजावे?

मास्तरचा पगार निम्मा केला तर कापसाला क्विंटलमागे एक रुपया तरी वाढून मिळेल काय? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले. ते मास्तरने उठवले होते काय? भाव पाडणारा दिल्लीत बसतो आणि आपण पारावर बसून मास्तरवर दात खातो. सरकारला यापेक्षा स्वस्त बंदोबस्त कोणता हवा?

तेव्हा गावी गेल्यावर दोन कामे करा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, सगळी मिळून निम्म्या बायांच्या आहेत. त्या कागदावर राहू देऊ नका. बैठकीला जा आणि विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती, मास्तर महिन्यात किती दिवस शाळेबाहेरच्या कामाला होते? आणि मास्तरलाही रोखठोक सांगा: गुरुजी, तुमच्या हक्काच्या पगारासाठी आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. पण आमचे पोर चौथीत घडाघडा वाचले पाहिजे, आणि आमच्या कापसाला भाव मागायला निघू त्या दिवशी तुम्हीही आमच्यासोबत आले पाहिजे.

घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचा हिशेब चुकवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.