पदवीचा प्रकल्प आणि गावाची नोंदवही



बी.बी.ए., बी.एम.एस. किंवा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातील ‘प्रकल्प’ आता घरोघरी परिचित झाला आहे. एखाद्या नामांकित कंपनीविषयी मजकूर गोळा करायचा, पन्नास मित्रांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, रंगीत आलेख काढायचे आणि सुबक बांधणीची प्रत सादर करायची! मागील वर्षीची प्रत हाताशी असली, तर तेवढेही कष्ट नकोत. गुण मिळतात, ज्ञानात मात्र तिळमात्र भर पडत नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा शोधप्रकल्प करता येतो. दिशा स्वागतार्ह आहे, अट मात्र खटकते. बाजार समितीत वडिलांच्या गाळ्यावर बसणाऱ्या साठ टक्केवाल्या मुलाला अडत, उधारी आणि हमाली यांचे जे ज्ञान असते, ते गुणपत्रिकेत कोठे उमटते?

विद्यार्थ्यांच्या हातून काय घडू शकते, याचा दाखला शतकापूर्वीच्या मद्रास विद्यापीठात मिळतो. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन परिचयाच्या खेड्यांत धाडले. जमीन कोणाकडे किती, मजुरी काय, कर्ज कोणाचे, विहिरी किती, अशा साध्यासुध्या नोंदी मुलांनी केल्या. १९१८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. पुढे त्याच खेड्यांची फेरपाहणी होत राहिली. आजच्या विळुप्पुरम जिल्ह्यातील इरुवेलपट्टू गावात तर २००८ पर्यंत अभ्यासक जात राहिले. बड्या जमीनदार घराण्याचे वर्चस्व कसे ओसरले, शेतीबाहेरची कमाई कशी वाढली, हे सांगता आले. कारण तुलनेला विद्यार्थ्यांची पहिली वही होती.

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी मराठी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यातून उघड झाले. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. त्या शेतांचा हिशेब उरला तो या पुस्तकात.

तेव्हा विषयासाठी परदेशी कंपन्यांच्या दारी जाण्याचे कारण नाही. गल्लीतील किराणा दुकान नव्या मॉलसमोर कसे तगते? बचतगटाचे कर्ज कोणत्या कामी लागते? पाणीपट्टीची थकबाकी कोणाकडे आहे, गरिबाकडे की पुढाऱ्याकडे? कार्यालयाने कागद दाखविले नाहीत, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. दहा रुपयांचा अर्ज आणि सामान्यतः ३० दिवसांची मुदत! उत्तर गैरसोयीचे निघाले, तरी ते तसेच लिहावे. आकडे ‘जुळवून’ देण्याची सवय याच वयात लागते आणि पुढे तीच कचेरीत जाऊन बसते.

स्लेटर यांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी छापल्या गेल्या म्हणून टिकल्या. आजचे प्रकल्प परीक्षा संपताच रद्दीत जातात. महाविद्यालयांनी निदान चांगल्या प्रती ग्रंथालयात जपाव्यात, एक प्रत त्या गावाच्या ग्रामपंचायतीला द्यावी आणि ग्रामसभेत तिचे वाचन घडवावे. चुकीचा आकडा तेथेच कोणीतरी उठून दुरुस्त करील.