मनोपचाराची वाट : पदवी आणि अधिकार
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपली मुले शिक्षक झाली, डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. आता काही मुले-मुली म्हणतात, आम्हाला मनाच्या दुखण्यावर उपचार करणारे व्हायचे आहे. आम्हाला याचा आनंद वाटतो. वाघाच्या हल्ल्यात घरचा माणूस गमावलेली बाई, दारूने पोखरलेले घर, नापास होऊन अबोल झालेला मुलगा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव आढळतो. प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र नागपूरला. सिरोंचा-भामरागडच्या माणसाचा तिथे पोहोचण्यातच दिवस मोडतो. म्हणून दुखणे आधी पुजाऱ्याच्या दारी जाते.

पण मित्रहो, इच्छा चांगली असून भागत नाही. आमच्या परिचयाच्या एका मुलीने धानाचे पैसे आणि पतसंस्थेचे कर्ज घालून मानसशास्त्रात बहिःस्थ एम.ए. केले. दवाखान्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा तिला कळले की आपल्याजवळ पदवी आहे, अधिकार नाही. दोन वर्षे गेली, कर्ज राहिले.

हा भेद बाबासाहेबांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. ते कोलंबियाचे एम.ए. आणि लंडनचे डी.एस्सी. होते. तरीही वकिली करण्यासाठी त्यांना ग्रेज इनमधून बॅरिस्टर व्हावे लागले. विद्वत्ता वेगळी, सनद वेगळी.

आता वाटा पाहू. औषधे लिहून द्यायची असतील तर एम.बी.बी.एस. आणि त्यापुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. ही वाट लांबची आहे. संवादातून उपचार करायचे असतील तर दोन वाटा आहेत.

पहिली मानसशास्त्राची. साध्या एम.ए.ने शाळेतील समुपदेशन करता येईल. पण चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. बराच काळ हा अभ्यासक्रम म्हणजे प्रामुख्याने एम.ए.नंतरचे दोन वर्षांचे एम.फिल. होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले, या विषयासाठी मात्र प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली गेली. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दुसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. यात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय घेता येतो. वर्गाबरोबर क्षेत्रकार्य असते. माणसे भेटतात, घरे दिसतात. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाच्या पदासाठी हीच पदवी चालते. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मनोविकार समाजकार्यकर्ता ही संज्ञा नुसत्या एम.एस.डब्ल्यू.ने लागू होत नाही. तिथेही पुढचे दोन वर्षांचे प्रशिक्षण सांगितले आहे.

आमचे मत विचाराल तर असे : घरची परिस्थिती ओढग्रस्तीची असेल, लवकर मिळवते व्हायचे असेल, तर एम.एस.डब्ल्यू. करा. नोकरी लागेल आणि पुढचे दारही उघडे राहील. पदवीनंतर चार-पाच वर्षे शिकत राहण्याची तयारी असेल, तर मानसशास्त्राची वाट धरा. पण नोंदणी हातात येईपर्यंत शिक्षण संपले असे समजू नका.

कोणतीही पदवी घ्या, दोन प्रश्न विचारून घ्या. ही पदवी मला कायद्याने कोणते नाव देईल? आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली मला प्रत्यक्ष किती रुग्णांसमोर बसविले जाईल?

एक गोष्ट मात्र कोणतेही विद्यापीठ देत नाही. माडिया, गोंडी, झाडीबोली तुमच्या कानांवर लहानपणापासून आहे. दुःख माणूस आपल्याच बोलीत सांगतो. ती बोली शहरात विसरून येऊ नका. नोंदणी घेऊन या आणि बोलीही घेऊन या.

जयभीम!