शेजारच्या मंडळीची नोंदवही



महोत्सवाच्या दिवशीं आपल्या धर्मग्रामाचें गुणगान होणें साहजिक आहे. परंतु आज मी भोर-वेल्ह्याकडील लहान प्रॉटेस्टंट मंडळ्यांविषयीं बोलणार आहें; कारण त्यांच्या इतिहासाशीं आपलाही संबंध आहे.

मेथडिस्ट पंथाचा उगम जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या अँग्लिकन धर्मगुरूच्या उपदेशांत आहे. विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक १८७१ सालीं मुंबईस आले आणि पुढें ही चळवळ पुण्यास पोहोंचली. भोर संस्थानाच्या खेड्यांत मात्र काम केलें तें कोणत्याही एका पंथाच्या नसलेल्या संस्थेनें. ऑस्ट्रेलियाहून आलेले चार्ल्स रीव्ह यांनीं १८९३ सालीं ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ स्थापिलें. नसरापूर हें त्याचें एक ठाणें होतें.

पंथ कोणताही असो, खेड्यांतील मंडळीचें जीवन सारखेंच. मेथडिस्टांत एका पाळकाकडे अनेक गांवें सोंपविण्याची रीत आहे. पाळक फेरीवर असतां गांवांतील एखादा गृहस्थच प्रार्थना चालवितो. तोरणा-राजगडाच्या मुलुखांत पाऊस दांडगा, शेती तुटपुंजी. तरुण पोटासाठीं पुण्या-मुंबईस जातात. अशा ठिकाणीं प्रार्थनामंदिरास कुलूप लागलें, तरी भिंती उभ्या राहतात. हरवते ती नोंदवही. कोणाचा बाप्तिस्मा कधीं झाला, कोणाचें लग्न कोठें लागलें, कोणास कोठें मूठमाती दिली, हें सारें तींत असतें.

भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. रीव्ह यांचें मिशन १९६८ सालीं दुसऱ्या मिशनशीं एकत्र झालें. राज्यें आणि संस्था बदलतात. बाप्तिस्मा मात्र पुसला जात नाहीं.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६४ सालीं शिकविलें कीं, ज्यांचा बाप्तिस्मा यथाविधि झाला आहे ते आपले प्रभूमधील बंधु होत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें, पाण्यानें व पवित्र त्रैक्याच्या नांवानें झालेल्या अशा बाप्तिस्म्याविषयीं गंभीर संशय उरल्यावांचून तो सशर्तही पुन्हां देतां येत नाहीं. दुसऱ्यांदां पाणी घालणें म्हणजे देवानें पहिल्या वेळीं केलेलें कार्य नाकारणें होय.

म्हणूनच अशा घरची मुलगी किंवा मुलगा विवाहासाठीं आपल्याकडे आला, म्हणजे धर्मगुरु प्रथम दाखला मागतो. दाखला नसल्यास त्या प्रसंगीं हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराची साक्षही पुरते. परंतु तो साक्षीदार आज ऐंशी वर्षांचा असेल, तर आपण कोणाची वाट पाहत आहों?

माझी विनंति एवढीच. ज्यांचीं नातीं अशा घरांशीं जुळलीं आहेत, त्यांनीं तेथील वृद्धांस विचारून नांवें, गांवें व तारखा लिहून घ्याव्या. शेजारच्या मंडळीची जुनी वही कोणाच्या पेटींत सांपडली, तर ती मूळ मंडळीकडे पोंचवावी, आणि नक्कल करण्यास त्यांना हात द्यावा. आपली नोंदवही आपण प्राणापलीकडे जपतों. त्यांच्या वहींतही त्याच प्रभूच्या लेंकरांचीं नांवें आहेत.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.