कणगीतले आणि ताटातले



मी राहतो ती पनवेलची खांदा कॉलनी. आमच्या इमारतींच्या जागी पूर्वी भातखाचरे होती, हे नव्या रहिवाशाला सांगूनही खरे वाटत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. मोबदल्याच्या लढ्यात 1984 साली जासई परिसरात गोळीबार झाला, माणसे गेली. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते त्या मोबदल्याच्या हिशेबात कुणी न धरलेल्या गोष्टीविषयी. ती म्हणजे घरचे ताट.

आगरी घरचे जुने ताट आठवून पाहा. पावसाळ्यात भात. कापणी झाली की त्याच खाचरातल्या ओलाव्यावर वाल टाकायचा. त्याला वेगळे पाणी लागत नसे. बांधावर शेवगा, परसात भोपळ्याचा वेल, दारात चार कोंबड्या. खाडीतली निवटी, चिंबोरी, आणि पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेला जवळा. गरिबाचेच अन्न हे! पण तांदळाच्या प्रथिनात जो अंश उणा, तो वाल भरून काढतो. हातसडीच्या तांदळावर कोंडा राहतो, आणि ब जीवनसत्त्व त्या कोंड्यातच असते. जवळा तर कवचासकट पोटात जातो, म्हणून चुनाही मिळतो.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. श्रावणात कणगीचा तळ दिसे. घरची बाई सर्वांच्या मागून जेवायला बसे, तोवर कालवण संपलेले असे. कणग्या गेल्या, ही रीत काही गेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 54 टक्के जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरांना माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. पोट भरते, हे थोडे नव्हे. पण नुसत्या धान्याने रक्त भरत नाही.

आता ज्यांची जमीन अजून हाती आहे, त्यांना विचारतो. ओल्या शेंगेला भाव येतो, म्हणून वालाची सारी पाटी बाजारात जाते. अंडीही जातात. येताना त्याच पिशवीतून मुलांसाठी बिस्किटाचा पुडा येतो. आता हा सौदा फायद्याचा, की तोट्याचा? विकू नका, असे मी सांगत नाही; शाळेची फी वालाच्या दाण्यांनी भरता येत नाही. पण घरचा वाटा आधी बाजूला काढा, मग पाटी उचला. आणि तो वाटा किती, हे चुलीपाशी वावरणारीला विचारून ठरवा.

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : घरी काय पिकले, काय विकले, काय खाल्ले. माझ्या परिचयाच्या एका मास्तरांनी हे करून पाहिले. एका मुलीने अंड्यांपुढे लिहिले होते : 3, 3, 0. आईने ती वही वाचून घेतली. पुढच्या आठवड्यात आकडे आले : 3, 2, 1. ते एक अंडे कोणाच्या ताटात गेले, हे विचारायचे मात्र मास्तरांच्या राहून गेले.