एका वाड्यातली बिऱ्हाडं

आमच्या वाचनालयात मुलांचे संगणक, कॅमेरे नि कचेरीचा संगणक एकाच जाळ्यावर आहेत. कोण कुठलं पुस्तक नेतं, ती नोंद कचेरीच्या संगणकात. ती चव्हाट्यावर का यावी? कवीला भिंतींचं प्रेम नसतं, पण ही भिंत मी मागून घेतली.

उपाय जुनाच, १९८५ साली प्रमाण ठरलेला : सबनेट. २५६ पत्त्यांचे चार भाग केले की प्रत्येकात ६४. पहिला नि शेवटचा राखीव, उरले ६२. मात्र एवढ्यानं भागत नाही. राउटर मधलं दार उघडंच ठेवतो, आणि हातानं पत्ता बदलून कुणीही शेजारी शिरतो. म्हणून स्विचवर व्हीलॅन नि राउटरवर फायरवॉलचे नियम हवेत. मुलांना प्रिंटरपुरती वाट ठेवायची, कचेरीकडची बंद.