परळची लस आणि मुंबईचा पावसाळा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



इन्फ्लुएंझाची लस आणि प्रौढांचे लसीकरण या विषयावर भरलेल्या या परिषदेसाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या डॉक्टरांचे, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे, परिचारिकांचे आणि आरोग्यसेवकांचे स्वागत समिती परळमध्ये मनःपूर्वक स्वागत करते. के. ई. एम., वाडिया आणि टाटा ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत, एवढ्याच कारणाने परिषदेसाठी या जागेची निवड झालेली नाही. लस तयार करणे आणि ती कोणाला, केव्हा व कोणत्या अटीवर द्यावी हे ठरवणे, ही दोन कामे या देशात ज्या मोजक्या ठिकाणी एकमेकांच्या शेजारी वाढली, त्यांत परळ फार वरच्या क्रमाने येते.

१८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगश यांनी मांडवी भागातील तापाचे निदान गाठीचा प्लेग असे केले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. हाफकिन हे वैद्य नव्हते, त्यांचे मूळ शिक्षण प्राणिशास्त्राचे होते. तरीही ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिची कृती आज वाचतानाही कुतूहल वाटते: मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, ही वाढ हलवून अर्कात मिसळली जाई, काही आठवड्यांनी ते सर्व मिश्रण तापवून जंतू मारले जात आणि टिकाऊपणासाठी त्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. १८९९मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली, आणि १९२५पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

लशीच्या या शास्त्रीय इतिहासाला त्याच महिन्यांत दुसरा, कमी अभिमानास्पद इतिहास जोडला गेला. घरोघरची झडती, रुग्णांना जबरीने हलवणे आणि कुटुंबांना वेगळे काढणे यांमुळे शहरात इतका संताप पसरला की ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. हाफकिन यांची लस मात्र प्रामुख्याने स्वेच्छेने घ्यायची होती, आणि तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतल्यावर खोजा समाजात तिच्याविषयीचा विश्वास वाढला. हुकमाने जे साधले नाही ते विश्वासातल्या माणसाच्या उघड्या दंडाने काही प्रमाणात साधले, ही गोष्ट लसीकरणाच्या धोरणाचा विचार करणाऱ्यांनी प्रयोगशाळेतील आकड्यांइतकीच गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

१९१८मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ जूनमध्ये बंदरातून मुंबईत शिरली, तेव्हा मात्र परळकडे देण्यासारखी लस नव्हती, आणि ती जगात कोणाकडेच नव्हती, कारण रोगाचे कारणच चुकीचे ओळखले गेले होते. त्या काळी पुष्कळ तज्ज्ञ फायफर यांनी वर्णिलेल्या जीवाणूला दोष देत असत. खरा कारक विषाणू, म्हणजे जिवंत पेशीच्या आत शिरल्याखेरीज वाढू न शकणारा अतिसूक्ष्म घटक, माणसापासून वेगळा करण्यात लंडनच्या संशोधकांना १९३३मध्ये यश आले. १९१८च्या सप्टेंबरात आलेली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी घातक ठरली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस फसला होता आणि धान्य महागले होते. साथ सर्वांना सारखेच गाठते, हे नेहमीचे विधान मुंबईच्या त्या नोंदींनी खोटे ठरवले आहे: तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते, तर युरोपियनांमध्ये ते ८.३ होते. विषाणू एकच असताना हा सातपटीहून अधिक फरक खोलीच्या आकारामुळे, पोटातल्या अन्नामुळे आणि शुश्रूषेला कोणी आहे की नाही यामुळे पडला, असाच निष्कर्ष निघतो.

डॉक्टर, संशोधक आणि धोरणकर्ता या तिन्ही भूमिका एकाच माणसात एकत्र आलेल्या पाहायच्या असतील तर परळच्या इतिहासात मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांच्या कारकिर्दीजवळ थांबावे लागते. हाफकिन यांच्या नावाचा गौरव या शहराने भरपूर केला. सोखींचे नाव मात्र संस्थेच्या आवाराबाहेर फारसे ऐकू येत नाही, आणि हा विसर न्याय्य नाही. १८८७मध्ये जन्मलेले सोखी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून पुढे आले आणि १९३२मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४९पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळात संस्थेने प्लेगच्या लशीला मोजमापाची शिस्त लावली. लशीची क्षमता म्हणजे तिने प्रत्यक्षात किती संरक्षण मिळते ते, आणि हे मोजण्यासाठी एकसारख्या वाणाचे पांढरे उंदीर वापरून, लस टोचलेल्या व न टोचलेल्या उंदरांना रोगजंतूंची ठरावीक मात्रा देऊन त्यांची तुलना करण्याची पद्धत सोखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. पुढे दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करून जंतूंच्या वाढीसाठी पोषक द्रव तयार करण्याचे त्यांचे काम १९५०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि मांसाच्या अर्कावरचे अवलंबित्व संपवण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. प्लेगच्या रुग्णांवर सल्फा गटातील औषधांच्या चाचण्याही याच काळात झाल्या.

संचालकाच्या खुर्चीत बसून एवढे करणारे इतरही सापडतील. सोखींचे वेगळेपण असे की बाटलीत उतरलेली लस गावापर्यंत कशी जाईल, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या खात्याकडे सोपवला नाही. १९३८मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या सार्वजनिक आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते, आणि दर हजार लोकसंख्येमागे त्याच वस्तीतील एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा ही शिफारस याच उपसमितीची आहे. आज ‘आशा’ सेविका जे काम करतात त्याची कल्पना तेव्हा कागदावर आली होती, प्रत्यक्षात यायला पुढे अनेक दशके गेली. औषधे व लशी सार्वजनिक संस्थांनी तयार कराव्यात आणि पेटंटच्या मक्तेदारीने त्यांची किंमत ठरू नये, अशीही त्यांची ठाम भूमिका होती. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यक महासंचालक झाले आणि त्यानंतर राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य. त्यांची काही मते आज अतिरेकी वाटतील, आणि खाजगी उद्योगाने लसनिर्मितीत पुढे जे साधले त्याचा अंदाज त्यांना आला नव्हता असेही म्हणता येईल. पण लस परवडत नसेल तर ती सिद्ध झाली असे मानता येत नाही, हा त्यांचा आग्रह परिषदेच्या विषयाला थेट लागू पडतो.

सोखींचा विषय प्लेग होता आणि प्लेगचा जंतू तुलनेने स्थिर असतो. इन्फ्लुएंझाचे तसे नाही. या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज ही दोन प्रथिने असतात, शरीरातील प्रतिपिंडे प्रामुख्याने त्यांनाच ओळखतात, आणि ही प्रथिने दरवर्षी थोडीथोडी बदलत असल्याने गेल्या वर्षीची ओळख यंदा अपुरी पडते. कधी कधी, १९५७, १९६८ आणि २००९मध्ये घडले तसे, मोठा बदल एकदम होतो आणि जगभर साथ पसरते. म्हणूनच १९४०च्या दशकात अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस व जोनास साल्क यांनी विकसित केलेल्या निष्क्रिय लशीच्या काळापासून या लशीचा घटक पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आता वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, शिफारस जाहीर करते.

येथेच मुंबईचा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो. भूगोलाने हे शहर उत्तर गोलार्धात आहे, पण इन्फ्लुएंझाच्या दृष्टीने त्याचा हिवाळा जुलैत सुरू होतो: देशातील निरनिराळ्या शहरांच्या निरीक्षणांतून बहुतेक ठिकाणी फ्लूचा भर पावसाळ्यात, तर श्रीनगरमध्ये हिवाळ्यात असल्याचे दिसून आले आहे. ऑक्टोबरात टोचलेली लस पुढच्या पावसाळ्यापर्यंत क्षीण होत जाते. म्हणून मुंबईसाठी योग्य काळ एप्रिल-मे ठरतो, आणि त्या वेळी हाती असलेली सर्वांत ताजी लस सहसा दक्षिण गोलार्धाची असते. लालबागच्या गल्ल्यांत गणेशोत्सवाची गर्दी होते ती नेमकी याच लाटेच्या आसपास, हे कॅलेंडर पाहून कोणालाही सांगता येईल. धोरण ठरवणाऱ्यांनी ते पाहिले असे अद्याप दिसत नाही.

२००९च्या त्या जागतिक साथीत तपासणीसाठी कस्तुरबा रुग्णालयासमोर रांगा लागल्या, ते १८९६मध्ये दगड झेललेले रुग्णालयच होते. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली आणि भारतीय निर्मात्यांची क्षमता सिद्ध झाली. राज्य शासनाने २०१५च्या साथीनंतर गरोदर स्त्रियांसारख्या जोखमीच्या गटांसाठी मोफत लस देण्यास सुरुवात केली, तो निर्णय स्वागतार्ह आहे. तरीही केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. बालकांसाठी ठरलेला वार, ठरलेली परिचारिका आणि घरात जपून ठेवलेले कार्ड असते. साठी ओलांडलेल्यांसाठी यांपैकी काहीच नसते, आणि ही लस बव्हंशी ज्याला डॉक्टर सुचवतो व ज्याच्या खिशाला परवडते त्यालाच मिळते. लसही परिपूर्ण नाही: तिचे घटक फिरणाऱ्या विषाणूशी चांगले जुळले तरी ती साधारण ४० ते ६० टक्के आजार टाळते, हे न लपवता सांगितले पाहिजे, कारण हाफकिन यांच्या काळाप्रमाणे आजही अतिशयोक्तीची किंमत विश्वासाने मोजावी लागते.

परळ-लालबागच्या चाळींत आज असे असंख्य वृद्ध राहतात की ज्यांनी तरुणपणी गिरण्यांच्या खात्यांत कापसाची धूळ श्वासावाटे घेतली. या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, म्हणजे बिसिनोसिस, याच भागातील रुग्णालयांत वर्षानुवर्षे पाहिला गेला. फ्लूने ज्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका अधिक, अशा यादीत या माणसांचा क्रम वरचा लागतो. त्यांना लस कोणत्या दवाखान्यात, कोणत्या महिन्यात, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मिळेल, याचा तपशीलवार आराखडा परिषदेच्या तिन्ही सत्रांत चर्चिला जावा आणि तो महापालिकेपुढे ठेवण्याइतका ठोस व्हावा, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे. अध्यक्षमहोदयांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी त्यांना विनंती करण्यात येत आहे.