प्रार्थनेतला एक शब्द

आम्ही कवी मंडळी एका शब्दासाठी रात्र जागवतो आणि घरचे लोक हसतात. एका शब्दानं असं काय बिघडणार आहे, असं त्यांना वाटतं. आज मी अशाच एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो एका प्रार्थनेत होता आणि त्यानं शेकडो वर्षं माणसांची मनं कलुषित केली.

गुड फ्रायडेच्या दिवशी रोमन कॅथलिक चर्चमध्ये साऱ्या जगासाठी क्रमानं प्रार्थना होतात. त्यातली एक ज्यूंसाठी असते. जुन्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना एक विशेषण लावलेलं होतं, 'पर्फिडिस'. जाणकार सांगतात की, त्याचा मूळ अर्थ 'विश्वास न ठेवणारे' एवढाच. पण युरोपातल्या लोकभाषांत त्याच शब्दाला 'विश्वासघातकी' असा अर्थ चिकटला. मराठीतही पाहा, दोन्हींत 'विश्वास' आहेच. पण विश्वास न ठेवणाऱ्याशी वाद घालता येतो. विश्वासघातक्यावर लोक दगड उचलतात. शिवाय इतर प्रार्थनांच्या वेळी भाविक गुडघे टेकत, या एका प्रार्थनेला टेकत नसत. मागणं ज्यूंच्या उद्धाराचं, आणि शब्द मात्र अपमानाचा!

हे मागणं आलं कुठून? इसवी सन ५७च्या सुमारास संत पौलानं रोमच्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं. पौल स्वतः ज्यू होता. आपल्याच बहुसंख्य लोकांनी येशूला मसीहा मानलं नाही, हे त्याच्या मनाला लागलेलं होतं. या पत्राच्या ९ ते ११ या अध्यायांत तो त्याच प्रश्नाशी झगडतो. तिथं तो जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. झाड इस्राएलचं. त्याच्या काही फांद्या तुटल्या आणि त्या जागी रानटी जैतुनाच्या फांद्यांचं कलम झालं. या रानटी फांद्या म्हणजे ज्यू नसलेले ख्रिस्ती. आपल्या कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचं कलम बांधतात. पौलाचं कलम नेमकं उलटं आहे, हापूसच्या खोडावर रायवळ फांदी! म्हणून तो बजावतो की, बाबांनो, फुशारकी मारू नका, मुळानं तुम्हाला धरलं आहे. तुटलेल्या फांद्याही देव पुन्हा जोडील आणि शेवटी सर्व इस्राएलचा उद्धार होईल. कसा होईल, याला तो गूढ म्हणतो.

पौलानं देवाच्या हाती ठेवलेलं हे गूढ पुढं माणसांनी आपल्या हाती घेतलं. युरोपात ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली, त्यांना देशोधडीला लावलं गेलं. विसाव्या शतकात नाझींनी साठ लाख ज्यूंचा संहार केला. नाझींची विचारसरणी वंशद्वेषाची होती. पण शतकानुशतकं पेरलेल्या तिरस्काराची जमीन तिला आयती मिळाली.

त्यानंतर प्रार्थना बदलू लागली. १९५५च्या सुधारणेनं या प्रार्थनेलाही गुडघे टेकणं आलं. १९५९मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण काढून टाकलं. १९६०च्या जूनमध्ये फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक त्यांना भेटले. इझाक यांची पत्नी आणि मुलगी ऑशवित्झला मारल्या गेल्या होत्या. तिरस्काराची शिकवण थांबवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढं व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेत ज्यूंविषयीचा मसुदा तयार झाला. १९६४च्या मसुद्यात ज्यू कधीतरी चर्चमध्ये येतील, अशी आशा होती. नाझींच्या संहारात आई आणि बहिणी गमावलेले ज्यू विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी स्पष्ट सांगितलं की, धर्मांतर की मरण असा प्रश्न असेल, तर मी ऑशवित्झला जायला तयार आहे. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी जे निवेदन मंजूर झालं, त्यात सर्व लोक एका स्वरानं देवाला हाक मारतील तो दिवस फक्त देवालाच ठाऊक, असा भाव आहे. १९७०च्या नव्या प्रार्थनेत देवाचा शब्द प्रथम ऐकणारे म्हणून ज्यूंचा उल्लेख आला.

वाद मात्र मिटला नाही. २००८मध्ये जुन्या लॅटिन विधीसाठी लिहिलेल्या प्रार्थनेत ज्यूंनी येशूला तारणारा म्हणून ओळखावं, असं मागणं आलं आणि ज्यू दुखावले. २०१५मध्ये व्हॅटिकनच्या समितीनं म्हटलं की, देवाच्या उद्धारात ज्यू सहभागी आहेत. कसे, हे दैवी गूढ आहे. ज्यूंना उद्देशून संघटित मिशनकार्य चर्च चालवत नाही, असंही त्यात आहे. अनेक प्रोटेस्टंट पंथांना हे मान्य नाही.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन मिळतो. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्यात शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मनात आशा त्यांच्या तारणाची होती. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांना त्या विद्येतून आपलाच धर्मग्रंथ नव्यानं कळला.

मी मुसलमान आहे. माझ्याही उद्धाराची काळजी वाहणारे लोक मला भेटतात. आणि कोण जन्नतमध्ये जाईल, याच्या याद्या करणारे आमच्यातही काही कमी नाहीत. कुराणात तर तुमच्या मतभेदांचा निवाडा अल्लाहच करील, हा विचार पुन्हा पुन्हा येतो. आपलं सत्य ते सत्य, असं प्रत्येक श्रद्धावंताला वाटणारच. त्यानं ते सोडावं, असं मी म्हणत नाही. दुसऱ्यासाठी प्रार्थनाही जरूर करावी. फक्त तो माणूस आपल्या शेजारी बसून ती ऐकतो आहे, असं समजून करावी.